न मागितलेल्या सुविधांवर कर: या चुका टाळा

जूनमध्ये फॉर्म 16, म्हणजे पगाराचं आणि त्यातून कापलेल्या कराचं प्रमाणपत्र, हातात पडतं आणि तेव्हा कळतं, की कधी न मागितलेल्या कंपनीच्या गाडीवर आपला कर कापला गेलाय. रागाच्या भरात बरेच जण मग रिटर्न भरताना त्या सुविधेची किंमत उत्पन्नातून सरळ वगळतात. तसं करू नका. आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंतच्या पगाराला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 17(2) (पुढची कलमं, फॉर्म आणि मर्यादाही याच काळातल्या) सुविधा मागितली कोणी हे विचारत नाही. मालकाने फुकट किंवा सवलतीत दिली, एवढं त्याला पुरतं. रिटर्न आणि फॉर्म 16 जुळले नाहीत की नोटीस येऊ शकते. 2005 ते 2009 या काळात अशा बऱ्याच सुविधांवरचा कर कंपन्या भरत होत्या, फ्रिंज बेनिफिट टॅक्स म्हणून. तो रद्द झाला आणि भार पुन्हा नोकरदारावर आला.

सगळ्यात महागात पडते ती फॉर्म 12बीए न उघडण्याची सवय. फॉर्म 16 सोबत येणाऱ्या या कागदावर घर, गाडी, जेवण, भेटवस्तू, क्लब अशा एकेका सुविधेसमोर तीन आकडे असतात: नियमांप्रमाणे किंमत, तुमच्याकडून वसूल केलेली रक्कम आणि करपात्र रक्कम. मधला रकाना आधी बघा. कॅन्टीनचे पैसे दरमहा पगारातून कापले जात असतील आणि तिथे शून्य असेल, तर तुम्ही दोनदा भरताय. लगेच पेरोलला, म्हणजे पगार काढणाऱ्या विभागाला, मेल टाका.

गाडीचा हिशेब आर्थिक वर्ष 2024-25 च्या दरांनी मांडतो. 1.6 लिटरपर्यंतचं इंजिन, ऑफिसच्या आणि खासगी अशा दोन्ही कामांसाठी वापर, सगळा खर्च कंपनीचा: महिना 1,800 रुपये. ड्रायव्हर असेल तर आणखी 900. वर्षाचे झाले 32,400. 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट (करावरचा उपकर) कर सुमारे 10,100 रुपये. नवी करप्रणाली घेतली म्हणून हा सुटत नाही. पण गाडी फक्त घर ते ऑफिस ये-जा करण्यासाठी असेल तर ती करपात्र सुविधा धरली जात नाही. निव्वळ कामासाठी वापरली तरीही नाही. मात्र त्यासाठी तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्चाची नोंद व कंपनीचं प्रमाणपत्र लागतं. लॉगबुक ठेवायचं राहून जातं आणि हक्काची सूट हातची जाते, हे बघून खरंच वाईट वाटतं.

आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंतच्या नियमांनी दिवाळीची भेटवस्तू किंवा व्हाउचर वर्षभरात मिळून 5,000 रुपयांच्या आत असेल तर कर नाही. रोख रक्कम मात्र पहिल्या रुपयापासून करपात्र.

कामासाठी दिलेला लॅपटॉप, मोबाइलचं बिल, ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता यांपैकी काही 12बीएमध्ये करपात्र दिसलं तर ती पेरोलची चूक समजा आणि दुरुस्त फॉर्म 16 मागा.

नकार तोंडी देऊ नका. ‘मला गाडी नको’ असं जेवणाच्या टेबलावर म्हटलेलं पेरोलच्या नोंदीत कधीच पोचत नाही. सुविधा देऊ केल्याबरोबर एचआरला मेल करा, किल्ली किंवा कार्ड परत केल्याची पोच घ्या.

आणि कंपनीला सुविधा द्यायचीच असेल, तर कर तुम्ही भरा असं सांगायला संकोच करू नका. रोख नसलेल्या सुविधांवरचा कर कलम 192(1ए) खाली मालक स्वतः भरू शकतो आणि कलम 10(10सीसी) मुळे तो भरलेला कर तुमचं उत्पन्न धरला जात नाही. कंपनीला त्या खर्चाची वजावट मिळत नसल्याने ती काचकूच करेल, तरी विचारा. आणि विचारायचं ते मार्चचा पगार काढण्याआधी, कारण वर्षभराचा राहिलेला टीडीएस (पगारातून कापायचा कर) बहुतेक ठिकाणी त्याच पगारातून एकदम कापतात.