नाण्याचा काप टांकसाळीतला की कानशीचा?

कडेला काप असलेलं जुनं नाणं 'एरर', म्हणजे टांकसाळीतच चूक झालेलं नाणं, म्हणून समोर येतं, पण बरेचदा तो काप नंतर कोणीतरी मारलेला असतो. वजनावरून निकाल लागत नाही. दोन्हींत धातू कमीच भरतो. १० पट भिंग घ्या, उजेड बाजूने तिरका पाडा आणि पाहा:

१. कापाच्या बरोबर समोरची कड. खऱ्या चुकीत ती बहुधा पुसट असते. छाप नसलेल्या कोऱ्या चकतीची कड दाबून उंच केली जाते तेव्हा समोर धातू नसल्याने तिथे पुरेसा दाब बसत नाही. ही खूण प्रत्येक नाण्यावर दिसेलच असं मात्र नाही.

२. कापालगतची अक्षरं. काप ठसा (नाण्यावर छाप उमटवणारा साचा) मारण्याआधीचा असेल तर ती कापाकडे ओढल्यासारखी, पसरट दिसतात. अक्षर सुरीने चिरल्यासारखं मध्येच थांबलं, तर काप नंतरचा. माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण हीच.

३. कापाची आतली बाजू. समांतर ओरखडे किंवा तेवढ्याच भागाला ताजी चकाकी म्हणजे कानस.

अक्षरं दुहेरी दिसत असतील तर सावली कशी पडते ते बघा. दुसरी रेघ सपाट, पायरीसारखी खाली असेल तर ठसा मारताना नुसता हलला आहे. त्याला फारसं मोल नाही. दोन्ही रेघा उठावदार, गोलसर आणि अक्षराच्या टोकाला खाच असेल, तर ठसाच दुहेरी कोरला गेलेला असू शकतो.

तपासण्याआधी नाणं घासूनपुसून चकचकीत करू नका. कापातला जुना काळपटपणा हाही एक पुरावा असतो.