गावच्या नेटवर हीलर खेळताना सापडलेला उपाय

आमचं गाव आर्णी तालुक्यात. संध्याकाळी मोबाइलच्या नेटवर पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) फार वाढतो, अन् मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या युरोपातल्या सर्व्हरवर हीलर, म्हणजे सोबत्यांना बरं करणारा, म्हणून खेळतो. आधी माझं पात्र प्रीस्ट होतं. त्याचं फ्लॅश हील हा बरं करणारा मंत्र पूर्ण होईपर्यंत टँक, म्हणजे पुढे राहून मार झेलणारा सोबती, पडलेला असायचा.

क्लास (पात्राचा प्रकार) बदलून ड्रुइड घेतला अन् अडचण सुटली. ड्रुइडचं रिज्युव्हेनेशन हे हील दाबताच लागतं आणि पुढे काही सेकंद हील करत राहतं. ओलितासारखंच आहे, ऊन तापायच्या आधी पाणी सोडून ठेवायचं. मार बसण्याआधीच टँकवर लाइफब्लूम (हेही हळूहळू हील करत राहतं), बाकीच्यांवर रिज्युव्हेनेशन. स्विफ्टमेंड मात्र राखून ठेवा. ते सगळं हील ताबडतोब देतं, पण त्यासाठी त्या खेळाडूवर आधीपासून रिज्युव्हेनेशनसारखं काहीतरी चालू असावं लागतं. माझ्या मते ड्रुइडची खरी किल्ली हीच.

वॉरियर टँक असेल तर बॉसचा (मोठ्या शत्रूचा) कास्ट बार, म्हणजे हल्ल्याची तयारी दाखवणारी पट्टी, भरू लागताच शील्ड वॉल (मार कमी करणारी क्षमता) दाबतो, फटक्याची वाट पाहत नाही. डॅमेजसाठी, म्हणजे शत्रूला मारायला, हंटर हा क्लास बरा. तो पळतापळता बाण मारतो, रोग (Rogue) या क्लासला मात्र शत्रूला चिकटूनच राहावं लागतं अन् लॅगमध्ये (नेट मागे पडतं तेव्हा) शत्रू दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे.

लाइन जायच्या वेळेला मी डंजनमध्ये (पाच जणांच्या मोहिमेत) हीलर म्हणून जातच नाही. उरलेल्या चौघांना अडकवणं मला पटत नाही.