पोरगं चिडलं की आधी पाणी, मग बोलणं

मी सोलापुरात अशोक चौकाजवळ नववी-दहावीला शिकवते. पोरगं दार आपटून आत गेलं की "काय झालं ते आत्ताच सांग" म्हणत मागे लागू नका. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. रागाच्या भरात समजावून उपयोग होत नाही. माठातलं गार पाणी द्या, शेजारी गप्प बसा.

श्वासाचा सराव मात्र शांत वेळी करून घ्या, भांडणात नाही. ४ आकडे मोजत आत, ६ मोजत सावकाश बाहेर. सोडलेला श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. माझ्या वर्गातली मुलं बाकाखाली बोटांवर मोजतात, शेजारच्यालाही कळत नाही. मग विचारा, "राग आलाय, भीती वाटतेय की लाज?" पोरं मार्कांपेक्षा घरातल्या तुलनेलाच जास्त घाबरतात, असं मला दिसतं. ती तुलना आधी थांबवा.

रात्री मोबाईल स्वयंपाकघरात, आई-बाबांचेही. या वयाला ८ ते १० तास झोप लागते.

दोन आठवडे उदास असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं झालंय असं बोललं, तर एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर लगेच फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.