नकाराच्या आधीचा अर्धा तास

बारमध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्यांना ग्राहकाला नकार कसा द्यायचा याची धास्ती असते, पण माझ्या मते खरे कौशल्य ती वेळ येऊ न देण्यात आहे. प्यायलेले मद्य रक्तात पूर्ण उतरायला साधारण अर्धा ते दीड तास लागतो. त्यामुळे समोरचा माणूस ठीक दिसत असला तरी त्याने नुकत्याच रिचवलेल्या पेगचा परिणाम अजून दिसायचा असतो. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच अल्कोहोल निकामी करते आणि कॉफीने किंवा थंड पाण्याने तो वेग वाढत नाही. चाळीस टक्क्यांच्या मद्याच्या ३० मिलीत सुमारे साडेनऊ ग्रॅम, तर पाच टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणून 'बिअरच तर आहे' या बोलण्यावर विसंबू नये आणि पेग नेहमी मापानेच ओतावा.

कायदा देशागणिक बदलतो, तरी वयाची अट बहुतेक ठिकाणी असते. ओळखपत्र लांबून पाहू नये. हातात घेऊन फोटो, जन्मतारीख आणि मुदत तपासावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या परवाना कायद्यानुसार नशेत असलेल्या व्यक्तीला जाणूनबुजून मद्य विकणे हा गुन्हा आहे, आणि तिच्यासाठी ते जाणूनबुजून मिळवून देणारा मित्रही त्यातून सुटत नाही. जबाबदारी केवळ मालकाची नसते, हे नवख्यांनी पहिल्याच दिवशी समजून घ्यावे.

आवाज चढणे, तीच गोष्ट पुन्हा सांगणे, सुटे पैसे मोजताना अडखळणे, अशी चिन्हे दिसू लागताच पुढचा ग्लास रेंगाळू द्यावा, न मागता पाणी ठेवावे आणि खाण्याचे विचारावे. मात्र रक्तातील साखर उतरलेला किंवा डोक्याला मार लागलेला माणूसही असाच बरळतो, त्यामुळे शंका आल्यास वैद्यकीय मदत बोलवावी. नकार द्यावाच लागला, तर मित्रांसमोर पाणउतारा न करता बाजूला घेऊन हळू आवाजात 'आता मला तुम्हाला आणखी मद्य देता येणार नाही' एवढेच म्हणावे. 'तुम्हाला चढली आहे' या वाक्याने वाद पेटतो. लगेच सहकाऱ्यांना कळवावे, अन्यथा तोच ग्राहक दुसऱ्या टोकाला जाऊन ग्लास भरून घेतो. मग घडलेला प्रसंग वेळेसह नोंदवहीत लिहावा आणि तो स्वतः गाडी चालवत जाणार नाही, याची दारापर्यंत खात्री करावी.