ठाण्यात घरच्या घरी नाताळ कसा करायचा

नाताळची तयारी २४ तारखेला नाही, चार रविवार आधी सुरू करा, आगमनकाळापासून, म्हणजे नाताळची वाट पाहण्याच्या काळापासून. चार मेणबत्त्या घ्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी, दर रविवारी एक वाढवत जायची आणि गुलाबी तिसऱ्या रविवारी, मुलांना पेटवू द्या, प्रार्थना आपोआप पाठ होते.

गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, साधारण १३-१४ डिसेंबरला गहू रात्रभर भिजवून ताटलीत मातीवर दाट पसरा, रोज नुसतं पाणी शिंपडा, नाताळपर्यंत बोटभर हिरवं शेत तयार. आमच्याकडे पहिला कोंब दिसला की पोरं ओरडतच उठवतात, मला तर सगळ्यात जास्त हेच आवडतं! बाळ येशूला मात्र २४च्या रात्रीच ठेवायचं, तोवर गव्हाण रिकामीच. गोठ्याची ही प्रथा संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेचोला केलेल्या गोठ्यामुळे पसरली.

पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली, आधीच उरका, शेवटी रांगा लागतात. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन चर्चला मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाणार असाल तर लवकर निघा, पार्किंगचं टेन्शन नको. फराळात नेवऱ्या (करंज्या), कलकल, मिल्क क्रीम असं गोडधोड, आणि शेजाऱ्यांकडे ताट पाठवायचंच, दिवाळीचं त्यांचं आलेलं असतं ना.