शेक टेबलवर काम करायचंय? आधी वजन आणि फ्रिक्वेन्सी समजून घ्या

ठाण्या-कल्याणकडची एम.ई. स्ट्रक्चर्सची मुलं आमच्या नवी मुंबईतल्या लॅबमध्ये प्रोजेक्टसाठी येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, टेबल कधी हलवायचं?" त्याआधी काय काय करावं लागतं, तेच इथे लिहितो.

शेक टेबल म्हणजे हायड्रॉलिक अ‍ॅक्चुएटरवर (तेलाच्या दाबाने ढकलणाऱ्या दट्ट्यांवर) हलणारा पोलादी प्लॅटफॉर्म. खऱ्या भूकंपाची नोंद त्याला दिली की जमीन हलली तसा तो हलतो. जपानमध्ये मिकी इथलं ई-डिफेन्स टेबल २० बाय १५ मीटरचं आहे, १२०० टन पेलतं. त्यावर खऱ्या मापाची इमारत उभी करता येते. लहान टेबलवर मात्र मॉडेलच छोटं करावं लागतं, आणि नवीन माणूस अडतो तो इथेच.

समजा, त्याच काँक्रीटचं १:४ मापाचं मॉडेल आहे. खांबाच्या छेदाचं क्षेत्रफळ सोळाव्या भागावर येतं, आकारमान चौसष्टाव्या. खांबातला ताण मूळ इमारतीइतकाच हवा असेल, तर वजनही मूळच्या एक सोळांश हवं. मॉडेलचं स्वतःचं वजन भरतं एक चौसष्टांश. म्हणजे त्याच्या तिप्पट जादा वजन पोलादी प्लेटा बोल्टने आवळून स्लॅबवर चढवायचं. त्वरण तेवढंच ठेवायचं, पण वेळ मापाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून तो निम्मा करायचा. ३० सेकंदांची नोंद १५ सेकंदांत चालवायची. हे गणित कागदावर स्वतः सोडवल्याशिवाय लॅबमध्ये येऊ नका, असं मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. प्लेटा धरून सगळं वजन टेबलच्या क्षमतेत बसतं का, तेही तेव्हाच पाहून घ्या.

चाचणी लहान धक्क्यापासून चढत्या क्रमाने घेतात: ०.०५ जी, ०.१ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण), असं पुढे. क्रम आधीच ठरवावा लागतो, कारण एकदा तडा गेला की ते मॉडेल पूर्ववत होत नाही. प्रत्येक धक्क्याच्या आधी आणि नंतर अगदी हलका व्हाइट नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळलेली थरथर) देऊन मॉडेलची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी, म्हणजे ते आपणहून सेकंदाला किती वेळा डोलतं ते, मोजतात. माझ्या मते सगळ्या चाचणीत जास्त बोलकी नोंद हीच. फ्रिक्वेन्सी ५ हर्ट्झवरून ४ वर आली, तर ताठरपणा ३६ टक्के गेला, कारण तो फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. डोळ्यांना तेव्हा केसाएवढी भेगही दिसत नसेल!

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा इकडे घणसोलीत खाली मोकळं स्टिल्ट पार्किंग आणि वर भिंतींचे मजले अशा कितीतरी इमारती दिसतात. २००१च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत याच धाटणीच्या इमारती तळमजल्यातून कोसळल्या. आयएस १८९३ या भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत आपला भाग झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, म्हणून हा विषय मला फार जवळचा वाटतो. कॉलेजमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पोलादी प्लेटा घेऊन चार मजली फ्रेम करा. फक्त वरच्या मजल्यांना भिंती म्हणून प्लाय लावा, माथ्यावर मोबाइल घट्ट बांधून त्याच्या अ‍ॅक्सेलेरोमीटरवर (त्वरण मोजणाऱ्या सेन्सरवर) नोंद घ्या. वरचे मजले एकसंध सरकतात आणि सगळं वाकणं खालच्या पट्ट्यांत येतं, हे समोर दिसेल.

सुरक्षेबाबत तडजोड नको. मॉडेल कोसळलंच तर झेलायला क्रेनचे पट्टे सैलसर बांधलेले असतात. हायड्रॉलिक पंप बंद झाल्याशिवाय भेगा पाहायलाही टेबलवर चढायचं नाही. प्रत्येक धक्क्यानंतरच्या भेगा वेगळ्या रंगाच्या मार्करने आखा.

नोकरीचं म्हणाल, तर इमारतींपुरतंच हे काम नाही. अणुवीज केंद्रांसाठीची विजेची पॅनेल आणि व्हॉल्व्हसुद्धा भूकंपासाठी तपासून घ्यावे लागतात. त्यासाठी सिव्हिलच्या मुलांनी सेन्सरचं कॅलिब्रेशन, सॅम्पलिंग (सेकंदाला किती वेळा नोंद घ्यायची ते) आणि नको असलेल्या फ्रिक्वेन्सी गाळणारे फिल्टर शिकावेत. नोंदीत कोणत्या फ्रिक्वेन्सी किती आहेत हे दाखवणारं एफएफटी पायथनमध्ये काढता आलं पाहिजे. मुलाखतीला येताना स्वतः घेतलेल्या एखाद्या नोंदीचा आलेख सोबत आणा. त्यातलं प्रत्येक टोक कुठून आलं, हे मी नक्की विचारतो.