तीस हजारांचा हेडफोन आणि डब्यातला आवाज: या चुका टाळा

महागडा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतलेल्या माणसाची पहिल्या आठवड्यातली तक्रार बहुतेक ठरलेली असते. "आवाज बरा आहे, पण एवढे पैसे मोजावेत असं काही वाटत नाही." त्यापाठोपाठ प्रश्न येतो, परत करू का? करा की, पण त्याआधी दोन गोष्टी बघा. पॅड कानाभोवती घट्ट बसलेत का, आणि लॅपटॉपने गुपचूप माइक चालू ठेवलाय का? माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा या दोन प्रश्नांतच मिटतात. कोडेक (ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आवाज आवळायची पद्धत), हाय-रेझ वगैरे गोष्टींवर लोक तासन् तास वाद घालतात, पण त्यांचा नंबर फार नंतर लागतो.

मीटिंग संपली, आवाज मात्र मीटिंगचाच

लक्षण अगदी ओळखीचं आहे. फोनवर गाणं झकास वाजतं, लॅपटॉपला जोडलं की तेच गाणं जुन्या लँडलाइनवरून ऐकल्यासारखं येतं. झांजा गायब, बेस गायब, डावं-उजवं एकच.

दोष हेडफोनचा नाही, ब्लूटूथच्या जुन्या रचनेचा आहे. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये गाणी ऐकायची वाट वेगळी आणि बोलायची वेगळी. ऐकायच्या वाटेवर दोन्ही कानांना पूर्ण स्टीरिओ आवाज मिळतो. पण एखाद्या अ‍ॅपने हेडफोनचा माइक मागितला की जोडणी बोलण्याच्या वाटेवर उडी मारते, आणि ती वाट अरुंद आहे. तिथे आवाज मोनो होतो आणि त्याचं सॅम्पलिंग ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर उतरतं. म्हणजे वरच्या बाजूला फार तर ४ किंवा ८ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज पोचतो. कानाला ऐकू येणारी मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास आहे, तेव्हा किती कापलं गेलं ते बघा.

गंमत अशी, की मीटिंग संपल्यावरही माइक सुटलेला नसतो. टीम्स मागे उघडं असतं, डिस्कॉर्डच्या चॅनलमध्ये तुम्ही अजून बसलेले असता, किंवा ब्राउझरच्या एखाद्या टॅबला माइकची परवानगी दिलेली असते. विंडोजमध्ये खालच्या पट्टीत उजवीकडे छोटा माइक दिसतो. त्यावर कर्सर नेला की कोण वापरतंय त्याचं नावही कळतं. मॅकवर आणि आयफोनवर नारिंगी ठिपका येतो, अँड्रॉइडवर हिरवा. गाणं डब्यातून आल्यासारखं वाटलं की आधी तो ठिपका शोधा.

कायमचा उपाय सोपा आहे. साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन ऐकायला हेडफोन निवडा, पण इनपुट म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा. झूम, टीम्स यांच्या आतल्या ऑडिओ सेटिंगमध्येही तेच करा, कारण ही अ‍ॅप्स स्वतःचं वेगळं चालवतात. विंडोज १०मध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एकापुढे स्टीरिओ आणि दुसऱ्यापुढे हँड्स-फ्री असं लिहिलेलं. गाण्यांसाठी स्टीरिओवालंच. मीटिंगमध्ये समोरच्यांना तुमचा आवाजही बहुधा जास्त स्वच्छ जातो, हा वरचा फायदा. एलई ऑडिओ ही ब्लूटूथची नवी पद्धत हेडफोन आणि लॅपटॉप दोन्हींत असेल तर ही कटकट बरीच कमी होते, पण ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर ती असेलच असं धरून चालू नका.

फट

बंद कपाच्या हेडफोनमध्ये बेस तयार होतो तो कानाभोवतीच्या कोंडलेल्या हवेत. पॅडखाली बारीकशी फट राहिली तरी तो तिथून निसटतो. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनला हा फटका दुप्पट बसतो. कपाच्या आतही मायक्रोफोन असतो. कानापाशी काय पोचतंय ते तो ऐकतो, आणि त्यावरून बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या उलट लाटेचा हिशेब होतो. फटीतून बाहेरची घरघर आत आली आणि आतला बेस बाहेर गेला, की हा हिशेबच चुकतो. मग एकाच वेळी दोन तक्रारी येतात: आवाज पातळ आहे आणि नॉइज कॅन्सलिंगही यथातथाच आहे. दोन्हींचं मूळ तीच फट.

तपासायला ज्यात डग्गा ठसठशीत आहे असं एखादं रेकॉर्डिंग लावा. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये डग्ग्याची घुमार, तळहात सरकवल्यावर ती वर चढते ते, सगळं ऐकू यायला हवं. आता दोन्ही कप तळव्यांनी अलगद दाबा. घुमार एकदम वाढली तर फट आहे. काही फरक पडला नाही तर पॅड नीट बसलेत.

फटीची कारणं घरगुतीच असतात. चष्म्याची जाड काडी हे सगळ्यात मोठं. त्यातही कडक, रुंद प्लास्टिकची फ्रेम वाईट, बारीक धातूची त्यामानाने चालते. कानावरून घेतलेले केस, ओढणी, माकडटोपी, मोठे झुमके हीदेखील कारणंच. केस मागे घेऊन कप कानावर पूर्ण बसवा, पट्टा डोक्याला टेकेल इतकाच ओढा. पट्टा फार लांब ओढला की कप खाली सरकतात आणि जबड्याच्या वर, कानामागच्या खळग्यात फट पडते.

आणि पॅड जुने झाले की काय? बहुतेक पॅडवरचं कातडं कृत्रिम असतं आणि घाम, दमट हवा, डोक्याचं खोबरेल तेल हे त्याचे तिन्ही शत्रू. मुंबईत किंवा कोकणात रोज वापरलात तर आधी सुरकुत्या, मग काळे पापुद्रे गालाला चिकटायला लागतात. रोज वापरून झाल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसा. सॅनिटायझर, स्पिरिट नको. पावसाळ्यात घामेजलेला हेडफोन तसाच केसमध्ये कोंबून चेन लावू नका, जरा हवा लागू द्या.

पॅड बदलताना चारशे-पाचशे रुपयांत मिळणारे बघून मोह होतो. मी ते सुचवत नाही. फोमची जाडी, आतल्या जाळीचं कापड, ड्रायव्हरपासून (कपातल्या छोट्या स्पीकरपासून) कानाचं अंतर हे सगळं कंपनीने त्या आवाजासाठी बेतलेलं असतं. बाहेरचे पॅड लावल्यावर बेस फुगलेला किंवा गळालेला आढळतो, कधी नॉइज कॅन्सलिंग चालू असताना बारीक शिट्टीही येते. पॅडच्या कडेच्या खुंट्या सगळ्या बसल्याचा टक् आवाज आला का, हेही बघा. एक जरी राहिली तरी पुन्हा फटच.

नॉइज कॅन्सलिंगकडून भलत्या अपेक्षा

हा प्रकार मुळात विमानासाठी जन्मला. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ साली झुरिकहून अमेरिकेला परत जात होते. विमानातल्या हेडफोनवर संगीत ऐकताना इंजिनाच्या आवाजाने वैतागले आणि प्रवासातच त्यांनी गणित मांडायला घेतलं. कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ साली बाजारात आला. सांगायचा मुद्दा हा, की एकसुरी, खालच्या पट्टीतला, सतत चालणारा आवाज हीच या तंत्राची खरी शिकार. एसटीच्या इंजिनाची घरघर जाते, कंडक्टरची घंटी राहते. एसीची घुंघुं जाते, कुकरची शिट्टी राहते. शेजारच्या टेबलावरचं बोलणं मंद होतं, पण नाहीसं होत नाही. त्यासाठी पॅडच काय अडवतील ते अडवतील. शांत झोपेसाठी हेडफोन घेतला आणि बाहेर कुत्री भुंकताना ऐकू आली, तर तो बिघडलेला नाही.

आणखी एक गैरसमज, जुनं संगीत ऐकणाऱ्यांचा. नॉइज कॅन्सलिंग बाहेरचा गोंगाट कापतं, रेकॉर्डमधला नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेलं नाट्यगीत चांगल्या हेडफोनवर लावलं की सुईची खरखर उलट जास्तच स्पष्ट ऐकू येते. ती हेडफोनची प्रामाणिकता म्हणायची. एकाच गाण्याच्या दोन-तीन प्रती ऑनलाइन असतात, त्यातली नीट साफ करून चढवलेली शोधा. अशा मोनो रेकॉर्डवर आवाज चहूबाजूंनी येतोय असं भासवणारं स्पेशिअल ऑडिओ, इमर्सिव्ह वगैरे बंदच ठेवा, नाहीतर बुवा हॉलच्या दुसऱ्या टोकाला गातायत असं वाटतं.

बॅटरी वाचवायला म्हणून नॉइज कॅन्सलिंग बंद ठेवणारेही आहेत. बऱ्याच मॉडेलमध्ये चालू आणि बंद असताना आवाजाचा पोत बदलतो. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम५सारख्या हेडफोनची ३.५ मिमी वायर लावून पॉवरच बंद केली तर आवाज आणखी मलूल होतो, कारण तो सुधारणारा प्रोसेसर झोपलेला असतो. तेव्हा वायरनेही ऐकताना हेडफोन चालू ठेवा.

पंख्याखाली बसून "हेडफोनमध्ये फडफड येते" म्हणणारे भेटतात. बाहेरच्या मायक्रोफोनवर वारा आदळतो, एवढंच. काही अ‍ॅपमध्ये वाऱ्याचा आवाज कमी करायची सोय असते. नसेल तर खुर्ची सरकवा. आणि गाण्याबरोबर गुणगुणल्यावर गाणं थांबत असेल तर सोनीच्या अ‍ॅपमधलं स्पीक-टू-चॅट बंद करा. त्याला वाटतं तुम्ही कुणाशी तरी बोलताय.

बेस वाढवून गाणं फाटतं

फोनमधलं डॉल्बी अ‍ॅटमॉस चालू, गाण्याच्या अ‍ॅपमधलं इक्वलायझर चालू आणि हेडफोनच्या अ‍ॅपमधलं बेस बूस्टही चालू. तिन्ही एकमेकांवर चढतात आणि आवाज फाटायला लागतो. दोन बंद करा, एकच ठेवा, शक्यतो हेडफोनच्या अ‍ॅपमधलं. एखादी पट्टी उचलून धरायची असेल तर बाकीच्या खाली करा. परिणाम तोच मिळतो आणि आवाज फाटत नाही.

माझं मत विचाराल तर या वर्गातले बरेच हेडफोन मुळातच बेसला झुकलेले असतात. पॉपला ते खपून जातं, ख्यालाला नाही. तानपुऱ्याची जवारी डग्ग्याच्या मागे दबते. सोनीच्या अ‍ॅपमध्ये क्लिअर बेस दोन-तीन घरं खाली, ४०० हर्ट्झ एक घर खाली आणि २.५ किलोहर्ट्झ एक घर वर, इतकं करून बघा. गायकाचा गळा पुढे येतो. नाही आवडलं तर शून्यावर आणायला किती वेळ लागतो?

नवा हेडफोन शंभर तास वाजवून "मोकळा" करायचा सल्लाही मिळेल. वाजवा हवं तर, पण त्या नादात परत करायची मुदत घालवू नका.

आता कोडेक

आयफोनवर एएसी आणि एसबीसी एवढेच आहेत आणि एएसी उत्तम चालतो. एलडॅक या सोनीच्या कोडेकचा हेडफोन आयफोनला जोडून एलडॅक शोधत बसू नका. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत हेडफोनच्या नावापुढच्या चक्रात गेलं की हाय क्वालिटी ऑडिओ किंवा एलडॅकचं बटण सापडतं. सोनीच्या अ‍ॅपमध्ये आवाजाचा दर्जा की स्थिर जोडणी, असा पर्याय असतो. तो दुसऱ्यावर असेल तर एलडॅक मिळणार नाही. सोनीच्याच एक्सएम४मध्ये दोन उपकरणं एकदम जोडायची सोय चालू ठेवली तर एलडॅक बंद पडतो, हेही तिथेच कळेल.

एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिट प्रतिसेकंदावर चालतो. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन तो ९९०वर खिळवून ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. घरात ठीक. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी हेच केलंत तर गाणं तुकड्या-तुकड्यांत येईल, कारण ब्लूटूथ आणि बरंचसं वाय-फाय एकाच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात गर्दी करतात. शिवाय अंगातलं पाणी या लहरी शोषतं. फोन पँटच्या मागच्या खिशातून शर्टाच्या खिशात आणला तरी तुटकेपणा कमी होतो.

मुळात फाइलच कमी दर्जाची असेल तर कोडेक काय करणार? स्पॉटिफायमध्ये क्वालिटी ऑटोमॅटिक ठेवली की नेट मंदावल्यावर तीही उतरते. वाय-फाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांची सेटिंग वेगवेगळी असतात, तिन्ही बघा. यूट्यूब म्युझिकमध्येही तसंच. लॉसलेसचं (दर्जा जराही न घटवलेल्या आवाजाचं) बटण दाबून अ‍ॅपल म्युझिक एअरपॉड्सवर ब्लूटूथने ऐकणाऱ्याला लॉसलेस मिळत नाही. एअरपॉड्स मॅक्सच्या यूएसबी-सी मॉडेलला ते मिळतं, पण वायर लावून आणि २०२५मध्ये आलेल्या अपडेटनंतर. सेनहायझर मोमेंटम ४ला यूएसबीवरून आवाज देता येतो. एक्सएम५चं यूएसबी मात्र फक्त चार्जिंगपुरतं आहे, त्यात केबल खुपसून ‘फरक जाणवतोय’ म्हणणाऱ्यांना काय सांगावं!

एका बाजूने कमी येतंय

सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावं-उजवं संतुलन मधोमध आहे का ते बघा. बोट लागून ते सरकलेलं असतं. सगळीकडूनच आवाज कमी वाटत असेल तर आयफोनमध्ये मोठा आवाज कमी करायची मर्यादा लावलेली असू शकते, अँड्रॉइडमध्ये फोनचा आणि हेडफोनचा व्हॉल्यूम वेगवेगळा चालत असू शकतो. मर्यादा काढण्याआधी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा लक्षात घ्या: प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास.

संतुलन ठीक असेल तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. कमी आवाजाची बाजू कपाबरोबर सरकली तर दोष हेडफोनचा. त्याच कानात राहिली तर कानात मळ असेल, काडी घालू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

दोष हेडफोनचाच ठरला तर अ‍ॅपमधून फर्मवेअर (हेडफोनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, फोनमधून जोडणी पुसा, हेडफोन रीसेट करा आणि दुसऱ्या फोनवर तेच गाणं लावा. तरीही तसंच असेल तर दोष ऐकू येईल असा छोटा व्हिडिओ काढून ठेवा, कारण काउंटरवर गेल्यावर तो हमखास दिसत नाही. बिल आणि सीरियल नंबर सोबत न्या. अर्ध्या किमतीत ‘फर्स्ट कॉपी’ घेतली असेल तर तो नंबर कंपनीच्या यादीत सापडायचा नाही, तेव्हा निदान रिक्षाचे पैसे वाचवा.